फेसबुक-इन्स्टाग्रामचं जाहिरात खातं बंद करायचंय: आधी काय, मागून काय?

फराळवाली_कोथरूड | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घरगुती फराळ आणि मसाल्यांचा व्यवसाय या महिनाअखेरीस आवरता घेतोय. गाळा सोडला, जीएसटी नोंदणी रद्द करायचं काम सीएंकडे दिलंय. अडलंय ते मेटाच्या जाहिरात खात्यापाशी.

खातं रुपयांत आहे, पैसे डेबिट कार्डावरून आपोआप जातात. मागच्या बिलानंतरचा खर्च ॲड्स मॅनेजरमध्ये १,१४० रुपये दिसतोय. दोन मोहिमा चालू आहेत: एक घाऊक चौकशीच्या लीड फॉर्मची (जाहिरातीतच नाव-नंबर भरून घेणारा फॉर्म), दुसरी वेबसाइटवर आणणारी. एका एजन्सीला प्रवेश दिला होता, काम थांबलं तरी तो तसाच आहे. फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम मात्र ठेवायचंय, जाऊबाई त्यावर पाककृती टाकणार आहेत.

विचारायचंय ते हे. बंद करण्याआधी खात्यातून काय काय काढून घ्यायचं? कार्ड आधी काढायचं की खातं आधी बंद करायचं? 'डिॲक्टिव्हेट' केलं म्हणजे सगळं पुसलं जातं का? आणि पेजला धक्का नाही ना लागणार?

---

सुटसुटीत | सोमवार, रात्री १०:०५

एवढा खटाटोप कशाला ताई. बँकेच्या ॲपमध्ये ई-मॅंडेट (आपोआप कपातीला दिलेली परवानगी) रद्द करा, कार्ड ब्लॉक करा. पैसेच मिळाले नाहीत की जाहिराती आपसूक थांबतात. खातं राहू दे पडून.

---

हिशेबनीस | सोमवार, रात्री ११:१२

सुटसुटीत, हा सल्ला अंगाशी येतो. आपोआप कपातीच्या खात्यात जाहिरात आधी दाखवली जाते आणि पैसे मागाहून घेतले जातात, वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखं. ठरावीक रकमेची उधारी झाली किंवा महिन्याची बिलाची तारीख आली, यातलं जे आधी घडेल तेव्हा कार्डावर मागणी येते. कार्ड ब्लॉक केल्याने उधारी मिटत नाही, नुसती वसुली फसते. जाहिराती थांबतील हे खरं, पण खात्यावर थकबाकी चढते, कार्डावर पुन्हा पुन्हा मागणी येत राहते, आणि पुढे कधी बिझनेस पोर्टफोलिओच (पेज, जाहिरात खाती वगैरे एकत्र ठेवणारं मेटावरचं व्यवसायाचं खातं) काढून टाकावा म्हटलं तर हीच थकबाकी आडवी येते. आणि एकच कार्ड जोडलेलं असेल तर ते नुसतं 'रिमूव्ह' होत नाही. आधी दुसरा पेमेंटचा मार्ग जोडा, नाहीतर खातं बंद करा, असं पडदा सांगतो.

ताई, तुम्ही असं करा.

दोन्ही मोहिमा आज बंद करा, आणि त्या मोहिमेच्या पातळीवरच्या स्विचने. आतली एखादी जाहिरात बंद करून वरची मोहीम चालू ठेवू नका. यादीवर फिल्टर लागलेला असेल तर तो काढून पाहा, तारखांची कक्षाही मोठी करा. फिल्टरमुळे एखादी जुनी बूस्ट केलेली पोस्ट दिसतच नाही आणि ती दिवसाला शंभर-दोनशे खात बसलेली असते. 'डिलिव्हरी' रकान्यात सगळीकडे 'ऑफ' दिसलं पाहिजे. सोबत बिलिंगमध्ये जाऊन 'अकाउंट स्पेंडिंग लिमिट' आजवरच्या खर्चाच्या किंचित वर बांधून टाका. कुणी चुकून काही सुरू केलंच तर तिथे अडेल.

मग दोन-तीन दिवस हात लावू नका. आज दिसणारे १,१४० हा शेवटचा आकडा समजू नका, बंद करण्याच्या सुमाराचा खर्च थोडा मागाहून नोंदला जातो. आकडा स्थिर झाला की बिलिंग अँड पेमेंट्समध्ये 'पे नाऊ' दाबून स्वतः भरा. ॲड्स मॅनेजरमधला खर्च करविरहित असतो. १,१४० वर १८ टक्के म्हणजे २०५.२०, तेव्हा कार्डावरून १,३४५.२० गेले तर दचकू नका.

आपोआप कपातीची वाट पाहू नका असं सांगण्यामागे कारण आहे. ई-मॅंडेटच्या कपातीआधी किमान २४ तास बँकेचा संदेश यावा लागतो आणि १५,००० रुपयांवरच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमची रक्कम छोटी आहे. पण ज्यांची उधारी १५ हजारांपलीकडे जाते त्यांची शेवटची कपात नेमकी इथेच लटकते, आणि तोवर ते ॲड्स मॅनेजर उघडायचंही सोडून देतात. 'पे नाऊ'ने भरलं की ओटीपी टाकला आणि तिथल्या तिथे मोकळे.

देणं शून्य, मग पावत्या उतरवणं, मग खातं बंद, आणि मॅंडेट रद्द करणं सगळ्यात शेवटी.

पावत्यांचं जरा सविस्तर लिहितो. बिलिंगमध्ये 'पेमेंट ॲक्टिव्हिटी'त तारखा आपोआप अलीकडच्याच लागलेल्या असतात. खातं उघडल्याच्या दिवसापासून आजपर्यंतची कक्षा द्या आणि सगळ्या पीडीएफ उतरवा. दर कपातीची पावती वेगळी असते, त्यामुळे संख्या पाहून घाबरू नका. उतरवल्यावर तीन गोष्टी डोळ्यांखालून घाला: नाव तुमच्या व्यवसायाचं आहे का, तुमचा जीएसटी क्रमांक छापलाय का, आणि कर कुठला लागलाय. बिल सहसा फेसबुक इंडिया ऑनलाइन सर्व्हिसेसच्या गुरुग्रामच्या नोंदणीवरून येतं, म्हणून महाराष्ट्रातल्या व्यवसायाला त्यावर १८ टक्के आयजीएसटी दिसतो, ९-९ अशी केंद्र-राज्य फोड नसते. खात्याच्या सेटिंगमध्ये जीएसटी क्रमांक कधी भरलाच नसेल तर त्या पावत्यांवर क्रेडिट (खर्चावर भरलेला जीएसटी आपल्या देय करातून वळता करणं) मिळत नाही, आणि आज क्रमांक भरल्याने मागच्या पावत्या बदलत नाहीत.

क्रेडिट घ्यायचं राहिलं असेल तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र, जे आधी असेल ती मुदत. तुमच्या बाबतीत नोंदणीच रद्द होतेय, म्हणजे शेवटच्या जीएसटीआर-३बी विवरणपत्रातच उरकावं लागेल. सीएंना पावत्या या आठवड्यात द्या. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरायचं असतं, ते सीए पाहतीलच. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यवसायांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर) असाल तर क्रेडिटचा प्रश्नच नाही. कागद मात्र दोन्ही बाबतींत जपायचे: वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. नोंदणी रद्द झाली म्हणून ही जबाबदारी संपत नाही.

---

पिक्सेलराव | मंगळवार, सकाळी ८:२०

हिशेबनीसांनी पैशांची बाजू घेतली, मी माहितीची घेतो.

सगळ्यात घाईचं आहे ते लीड फॉर्मचं. फॉर्म भरून आलेली नावं-नंबर भरल्या दिवसापासून ९० दिवसच उतरवता येतात. खातं बंद करा की नका करू, ९१व्या दिवशी ती लीड गेली. मेटा बिझनेस सूटमध्ये 'इन्स्टंट फॉर्म्स' किंवा 'लीड्स सेंटर'मधून उतरवा. पेजवर पूर्ण नियंत्रण नसेल तर उतरवायचं बटण दिसत नाही किंवा परवानगीचा दोष येतो.

उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये दोन टिचक्या मारून उघडलीत तर देवनागरी नावांची बऱ्याचदा रांगोळी होते. त्याऐवजी कोरं पान उघडा, डेटा → फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही मधून फाइल घ्या, 'फाइल ओरिजिन'मध्ये युनिकोडचा पर्याय निवडा. फोन नंबराचा रकाना 'टेक्स्ट' म्हणून घ्यायचा, नाहीतर ९१ ने सुरू होणारा बारा आकडी नंबर ९.१९ई+११ असा आखडतो आणि तसाच जतन झाला की शेवटचे आकडे गेले. नंबरापुढे 'पी' हे इंग्रजी अक्षर आणि विसर्गासारखी दोन टिंबं दिसतील, ती मेटाने लावलेली खूण आहे. 'फाइंड-रिप्लेस'ने उडवा.

जाहिरातींचे आकडे हवे असतील तर मोहिमेची यादी उघडून 'एक्स्पोर्ट' करा. अहवाल मागच्या ३७ महिन्यांपर्यंतचेच निघतात. सगळे रकाने घ्यायच्या भानगडीत पडू नका. खर्च, पोहोच, क्लिक, लीडमागचा खर्च एवढं महिन्यावार काढलं तरी पुढे कधी कामाला येतं. जाहिरातींची चित्रं-व्हिडिओ मूळ फाइल हाताशी नसेल तर आत्ताच वेगळे ठेवा.

ग्राहकांच्या याद्या. 'ऑडियन्सेस'मध्ये कधी तुमच्या ग्राहकांची नंबरांची यादी चढवली असेल तर ती डिलीट करा. चढवताना नंबर सांकेतिक रूपात जातात, उघडे जात नाहीत, हे खरं. पण व्यवसायच राहिला नाही तर ती यादी तिथे ठेवायला कारण उरत नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा रोख तोच आहे: हेतू संपला की माहिती काढा. यादी एजन्सीसोबत शेअर केली असेल तर आधी ते शेअरिंग तोडा.

आणि पिक्सेल, म्हणजे वेबसाइटवर कोण आलं ते मेटाला कळवणारा कोडचा तुकडा. पिक्सेल डिलीट होत नाही, तशी सोयच नाही. खातं बंद केलं तरी वेबसाइटवरचा त्याचा तुकडा आलेल्या प्रत्येकाची खबर मेटाला देत राहतो. तुकडा वेबसाइटवरूनच उपटावा लागतो. शॉपिफाय असेल तर फेसबुक-इन्स्टाग्रामचं चॅनेल काढा, वर्डप्रेस असेल तर प्लगइन बंद करून थीमच्या हेडरमध्येही पाहा. पुष्कळदा दोन्हीकडे लावलेला असतो. गूगल टॅग मॅनेजरमधून (वेबसाइटवर असे तुकडे लावायचं गूगलचं साधन) लावला असेल तर टॅग 'पॉज' करून भागत नाही, वर उजवीकडचं 'सबमिट' दाबून पब्लिश करावं लागतं. हे विसरल्यामुळे पिक्सेल चालूच राहिल्याची प्रकरणं मोजायची म्हटली तर दिवस पुरायचा नाही. खात्री करायची तर पानाचा सोर्स उघडा आणि 'एफ-बी-क्यू' ही तीन इंग्रजी अक्षरं शोधा. टॅग मॅनेजरमधून आलेला तुकडा सोर्समध्ये दिसत नाही, त्यासाठी क्रोममधलं मेटा पिक्सेल हेल्पर हे एक्स्टेन्शन लावा. कन्व्हर्जन्स एपीआय (हीच माहिती थेट सर्व्हरवरून मेटाला पाठवणारी जोडणी) जोडलेला असेल तर त्याचं टोकनही सर्व्हरवरून काढा.

---

फराळवाली_कोथरूड | मंगळवार, दुपारी २:१५

दोघांचे आभार. लीड्स उतरवल्या, नंबर खरंच ९.१९ई+११ झाले होते, पुन्हा घेतले. आता नवी अडचण. बिझनेस सेटिंग्जमध्ये जाहिरात खात्यासमोर 'ओन्ड बाय'पुढे आमच्या नावाऐवजी एजन्सीचं नाव दिसतंय. बंद करायचं बटणच नाही.

---

मोहीमवाला | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

ताई, मग ते खातं तुमचं नाहीच. एजन्सीने स्वतःच्या पोर्टफोलिओत ते उघडलं आणि तुम्हाला वापरायला दिलं. असं फार ठिकाणी होतं, कारण एजन्सीला ते सोयीचं पडतं.

दोन गोष्टी वेगळ्या करून पाहा. तुमच्या पोर्टफोलिओच्या मालकीचं खातं असेल तर ते पोर्टफोलिओतून 'काढता' येत नाही, फक्त बंद करता येतं. दुसऱ्याच्या मालकीचं आणि तुमच्याशी शेअर केलेलं असेल तर तुम्ही ते फक्त स्वतःच्या यादीतून काढू शकता. बंद करायचं ते मालकाने. मालकी एका पोर्टफोलिओतून दुसऱ्यात सरकवायची सोय मेटा देत नाही, त्यामुळे 'खातं आमच्या नावे करून द्या' असं एजन्सीला सांगून काही निघणार नाही.

एजन्सीला एकच मेल लिहा, फोनवर नको. त्यात खात्याचा क्रमांक द्या. ॲड्स मॅनेजर उघडलं की पत्त्याच्या पट्टीत 'एसीटी' या अक्षरांपुढे बरोबरचं चिन्ह आणि लांबलचक आकडा असतो, तोच. चार मागण्या करा: अमुक तारखेपर्यंत सगळ्या मोहिमा बंद, तुमच्या कार्डावरची उधारी शून्य झाल्याचा स्क्रीनशॉट, आजवरच्या सगळ्या पावत्यांच्या पीडीएफ, आणि खातं बंद केल्याची लेखी कळवणी. पावत्यांवर कुणाचं नाव आणि कुणाचा जीएसटी क्रमांक आहे ते पाहा. एजन्सीचा क्रमांक छापलेला असेल तर त्या पावत्यांवर तुम्हाला क्रेडिट नाही. एजन्सीने तुम्हाला जे बिल दिलं असेल त्यावर मिळेल.

कार्ड तुमचं आणि खातं त्यांचं, ही जोडी सगळ्यात वाईट. ते बंद करेपर्यंत स्पेंडिंग लिमिट बांधायला सांगा. तुम्हाला बिलिंगचा प्रवेश असेल तर स्वतःच बांधा.

पेज कुणाच्या मालकीचं आहे तेही लगेच पाहा. 'अकाउंट्स → पेजेस'मध्ये तिथेही एजन्सीचं नाव निघालं तर जाहिरात खातं बाजूला ठेवून आधी पेज सोडवून घ्या. पेजची मालकी हलवता येते, पण त्यासाठी त्यांच्याकडच्या कुणीतरी ते त्यांच्या पोर्टफोलिओतून काढावं लागतं. ते खुशीत आहेत तोवर हे करून घ्या.

---

फराळवाली_कोथरूड | बुधवार, सकाळी ११:३०

पेज आमच्याच नावावर आहे, हुश्श. आणि नीट पाहिल्यावर कळलं की यादीत दोन जाहिरात खाती आहेत. एजन्सीवाल्यात गेल्या दहा महिन्यांत खर्च शून्य. १,१४० वालं खातं आमचंच आहे, मी चुकीच्या नावावर टिचकी मारली होती. आता बंद करायच्या पायऱ्या सांगा.

---

मोहीमवाला | बुधवार, दुपारी १२:४५

नावं सारखी असली की असंच होतं. आता एजन्सीचं खातं फक्त तुमच्या यादीतून 'रिमूव्ह' करा, तिथे तुमचं कार्ड नाही ना हे एकदा पाहून.

तुमच्या खात्याचं असं. बंद करणाऱ्या व्यक्तीकडे त्या खात्याचं पूर्ण नियंत्रण हवं, नुसता मोहिमा चालवायचा प्रवेश असेल तर पर्याय पुसट दिसतो. बिझनेस सेटिंग्ज → अकाउंट्स → ॲड अकाउंट्स, डावीकडच्या यादीतून खातं निवडा, क्रमांक ताडून पाहा (नावावर जाऊ नका, आत्ताच अनुभव आलाय), उजवीकडच्या तीन टिंबांमध्ये 'डिॲक्टिव्हेट' मिळेल. तिथे नसेल तर ॲड्स मॅनेजरमधून 'ॲड अकाउंट सेटिंग्ज' उघडा, खात्याच्या नावाजवळ 'डिॲक्टिव्हेट ॲड अकाउंट' असा दुवा असतो. मेटावाले दर काही महिन्यांनी सामान इकडचं तिकडे हलवतात, त्यामुळे एकीकडे नाही सापडलं तर दुसरीकडे. कारण विचारलं जाईल, कुठलंही निवडा, फरक पडत नाही.

त्याच पानावर चलन आणि टाइम झोन बदलायचा पर्याय असतो. त्याला हात लावू नका. ते बदललं की जुनं खातं बंद होऊन त्याच्या जागी नवं कोरं खातं उघडतं, आणि तुम्ही एक बंद करायला जाऊन एक वाढवून बसता.

बंद केल्यावर जाहिराती थांबतात, उरलेलं देणं असेल तर आकारलं जातं आणि पेमेंटचे मार्ग निघतात. खातं पुसलं जात नाही. क्रमांक, जुने अहवाल, पावत्या मागे राहतात आणि बहुतेक वेळा त्याच सेटिंग्जमधून ते पुन्हा सुरूही करता येतं. पण हे सगळं ज्याला आत जाता येतं त्याच्यासाठी. म्हणून खात्यावर तुमच्याखेरीज आणखी एका भरवशाच्या माणसाला पूर्ण नियंत्रण देऊन ठेवा. तुमचं वैयक्तिक फेसबुक प्रोफाइल कधी डिलीट केलंत (३० दिवसांत परत फिरता येतं, पुढे नाही) आणि दुसरं कुणीच नसेल, तर त्या पावत्यांना कायमचं कुलूप.

पेज, इन्स्टाग्राम, त्यावरच्या पोस्ट यांना काही होत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसचं एपीआय खातं घेतलं असेल तर त्याचं बिलिंग वेगळं असतं, जाहिरात खात्याबरोबर ते बंद होत नाही. साधं हिरवं ॲप वापरत असाल तर सोडून द्या.

एजन्सीला काढायचं ते 'युजर्स → पार्टनर्स'मधून. आणि 'पीपल'मध्ये त्यांचा एखादा माणूस थेट नावाने जोडलेला आहे का पाहा. पार्टनर काढला तरी तो तिथे राहतो.

---

सुटसुटीत | बुधवार, दुपारी ३:१०

मान्य, कार्ड ब्लॉकचा सल्ला मागे. पण देणं शून्य झाल्यावर खातं नुसतं रिकामं ठेवायला काय हरकत? दिवाळीत पुन्हा चिवडा विकावासा वाटला तर?

---

पिक्सेलराव | बुधवार, दुपारी ४:००

खरंच पुन्हा विकायचं असेल तर हरकत नाही. मोहिमा बंद, स्पेंडिंग लिमिट बांधलेलं आणि प्रत्येकाला दुहेरी पडताळणी सक्तीची, एवढं असेल तर ठेवा. पण कार्ड जोडलेलं, चांगली भरणा-नोंद असलेलं आणि कुणीही न बघणारं खातं ही चोरांची आवडती शिकार. कुणाचंतरी प्रोफाइल हाती लागलं की ते आपलं खातं हुडकतात आणि रात्रीतून कुठल्यातरी भलत्याच मालाच्या जाहिराती लावतात. मालकाला कळतं ते बँकेच्या संदेशांवरून. पुन्हा सुरू करता येतं म्हटल्यावर बंद करणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

शिवाय बंद करायच्या दिवसांत 'तुमचं जाहिरात खातं २४ तासांत कायमचं बंद होईल, इथे तपासा' असे मेसेंजरवरचे किंवा मेलमधले संदेश हमखास जास्त खरे वाटतात. त्यातल्या दुव्याला हात नको. मेटाने खरोखर मेल पाठवला असेल तर तो अकाउंट्स सेंटरच्या 'पासवर्ड अँड सिक्युरिटी'मधल्या 'रिसेंट ईमेल्स'मध्ये दिसतो. तिथे नाही म्हणजे खोटा.

---

शेवपापडी | बुधवार, रात्री ८:३५

मधेच विचारते. माझं खातं आगाऊ पैसे भरायचं आहे, यूपीआयने टाकते. ८०० रुपये शिल्लक आहेत, शिवाय मेटाने दिलेलं १,००० चं ॲड क्रेडिट. बंद केलं तर परत मिळतील का?

---

हिशेबनीस | बुधवार, रात्री ९:२०

क्रेडिट म्हणजे कुपन. ते रोखीत परत मिळत नाही, खातं बंद झालं की गेलं. स्वतः भरलेल्या ८०० चा मार्ग वेगळा: बंद करताना परताव्याबद्दल पडद्यावर काय येतं ते वाचा, स्क्रीनशॉट घ्या, आणि पैसे ज्या बँक खात्यातून भरले ते चालू ठेवा. पण ८०० साठी हा उपद्व्याप करण्यापेक्षा मालाची शेवटची विक्री लावून खर्चून टाकणं सोपं. मोहिमेला दिवसाचं बजेट देऊ नका, 'लाइफटाइम बजेट' आणि शेवटची तारीख द्या, म्हणजे रक्कम संपते आणि मोहीम आपली आपण थांबते. आणि कुपन आधी खर्ची पडतं की भरलेले पैसे, हे बिलिंगमध्ये पाहून मगच रक्कम ठरवा.

---

फराळवाली_कोथरूड | पुढचा सोमवार, सकाळी १०:१०

शनिवारी 'पे नाऊ'ने १,३८०.६० भरले (शेवटचा आकडा १,१७० झाला होता), पावत्या सीएंना दिल्या, खातं बंद केलं. आणि आज सकाळी बँकेचा संदेश: मेटाच्या नावाने ४७२ रुपये गेले! बंद खात्यातून कसे?

---

हिशेबनीस | पुढचा सोमवार, सकाळी १०:५५

४७२ म्हणजे ४०० अधिक १८ टक्के. जाहिरातीचाच खर्च आहे, बहुधा दुसऱ्या खात्यातून. कार्डाचं स्टेटमेंट उघडा. अनेक बँकांच्या स्टेटमेंटवर 'फेसबीके'सारख्या आद्याक्षरांपुढे तारांकन आणि मग आकडे-अक्षरांचा एक कोड असतो. हाच कोड मेटाच्या पावतीवर 'रेफरन्स नंबर' म्हणून छापलेला असतो. बंद केलेल्या खात्याच्या पेमेंट ॲक्टिव्हिटीत तो शोधा. तिथे नसेल तर हे कार्ड आणखी कुठे जोडलंय ते हुडकायचं.

---

मोहीमवाला | पुढचा सोमवार, सकाळी ११:२०

पहिला संशय इन्स्टाग्रामवर. फोनवरून पोस्ट 'बूस्ट' करताना योग्य जाहिरात खातं जोडलेलं नसेल तर ते वेगळ्याच खात्यावर चढतं. शिवाय प्रत्येकाच्या प्रोफाइलला स्वतःचं एक वैयक्तिक जाहिरात खातं असू शकतं, ते तुमच्या बिझनेस सेटिंग्जमध्ये दिसणार नाही. जाऊबाईंच्या फोनवर इन्स्टाग्राम → प्रोफेशनल डॅशबोर्ड → ॲड टूल्स उघडा, चालू बूस्ट आणि पेमेंट दोन्ही तिथे दिसतात. मग त्यांच्या लॉगिनने ॲड्स मॅनेजर उघडून वरच्या खात्यांच्या यादीत किती नावं आहेत ते मोजा.

---

फराळवाली_कोथरूड | पुढचा सोमवार, दुपारी १:०५

सापडलं. जाऊबाईंच्या वैयक्तिक खात्यावर अनारशांच्या रीलचा बूस्ट, दिवसाला १०० रुपये, शेवटची तारीखच घातलेली नाही. कोड जुळला. बूस्ट थांबवला.

---

हिशेबनीस | पुढचा सोमवार, दुपारी १:३०

मग त्याही खात्याला तोच क्रम लावा: दोन-तीन दिवस थांबा, 'पे नाऊ', पावती, बंद. ती पावती जाऊबाईंच्या नावाने असेल, त्यामुळे व्यवसायाच्या क्रेडिटमध्ये ती घुसडू नका, सीएंना तसं सांगा. ई-मॅंडेट या दुसऱ्या खात्याचंही वेगळं असू शकतं, बँकेच्या यादीत मेटाच्या नावाच्या दोन नोंदी आहेत का पाहा.

इतर वाचकांसाठी: कोड कुठल्याच खात्याशी जुळला नाही तर मात्र वाट पाहू नका. तेव्हा कार्ड ब्लॉक करायचं, बँकेत लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यायचा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकावर बोजा शून्य. चौथ्या दिवसापासून तो वाढतो.